झाकण्याआधी

बादलीची कडी भिंतीवर आपटली आणि भिंत पोकळ वाजली. आवाज मोठा नव्हता, रिकाम्या डब्यावर कुणी सहज बोट मारावं तेवढाच. पण पुसता पुसता ती थांबली. ओलं फडकं हातात तसंच राहिलं आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. तिने कडी उचलून पुन्हा सोडली. तोच आवाज. मग दोन टाइल सोडून पलीकडे वाजवून बघितलं, तर आवाज आखूड, कोरडा. परत अलीकडे, तर घुमणारा. या घरात वाढलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. तिचे वडील सारी नोकरीभर बांधकाम खात्यात तपासनीस होते. इतरांच्या बापांच्या खिशात गोळ्या असत, तिच्या बापाच्या खिशात एक लांब पितळी किल्ली असे, कधीच पाडून टाकलेल्या कुठल्याशा गोदामाची. त्या किल्लीने ते जग वाजवून बघत. मडकं घेताना मडकं, कपाट घेताना कपाटाची पाठ, पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तर यजमान पाणी आणायला आत वळेपर्यंत त्यांच्या बैठकीची भिंत. आई लाजेने अर्धी होई. भरीव असतं ते थोडकं बोलतं, पोकळ असतं ते घुमतं, असं ते म्हणत आणि हाच नियम माणसांनाही लावत. तिच्यासाठी आलेलं स्थळ त्यांनी याच कानाने पसंत केलं होतं. चार वर्षांनी ती एक सुटकेस घेऊन परत आली, तेव्हा दार उघडून ते म्हणाले होते, "माझा कान फुटका निघाला गं." तिला हसवण्यासाठी म्हणाले होते. दोघंही हसली नाहीत. त्यानंतर तिने निवडलेल्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी किल्ली लावली नाही, साध्या छत्रीलासुद्धा नाही.

त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. आज ती बाथरूम धूत होती ती उद्या कंत्राटदार दुरुस्तीला येणार म्हणून. वडील पडले तेव्हा भिंतीतला आधाराचा स्टीलचा दांडा उखडून आला होता, त्याच्या जागी दोन भोकं होती आणि आईने त्यांत कागदाचे बोळे कोंबून ठेवले होते. भोकं दिसू नयेत म्हणून की भोकांतून काही बाहेर येऊ नये म्हणून, हे तिने विचारलं नव्हतं. आईचे गुडघे गेलेले. दीड महिना ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ओल्या कपड्याने अंग पुसून घेत होती आणि हेच बरं आहे असं म्हणत होती. कंत्राटदार भेटायला आला तेव्हा वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने डोळे पुसले होते. काकू, सगळं मी माझ्या हाताने नीट करून देतो, साहेबांसाठी एवढं तरी करू द्या, असं म्हणाला होता. आई म्हणाली, येऊ दे त्याला, बिचाऱ्याला लागलंय मनाला. तीही हो म्हणाली होती. दुःखात माणसाला कुणाच्याही डोळ्यांतलं पाणी खरंच वाटतं, आणि कदाचित ते खरंही असतं.

कंत्राटदाराला शोधलं होतं तिनेच. वडिलांना झटका येऊन डावं अंग लुळं पडलं, आणि जुन्या बाथरूमचा उंच उंबरा, शेवाळलेली फरशी हे सगळं एकाएकी घरात शत्रू बसल्यासारखं दिसू लागलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिचं आयुष्य गेलेलं. वडील म्हणत, आपला दोघांचा धंदा एकच, लोकांच्या चुका काढायच्या आणि वर शिव्या खायच्या. या कामातही ती तशीच उतरली. तिघांकडून अंदाजपत्रकं मागवली, प्रत्येकाची आधीची कामं जाऊन बघितली, त्या घरांतल्या बायकांना विचारलं, काय काय करणार ते कलमवार लिहून घेतलं. पहिला माणूस बोलताना फोनमधून मान वर काढेना. दुसरा एक वयस्क गवंडी, चेहऱ्यावर कायमची आठी. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि विटेपर्यंत सगळं उकरावं लागेल, तीन आठवडे लागतील, मध्ये घाई केलेली चालणार नाही, असं सांगितलं. जाताना उंबऱ्यात थांबून विचारलं, "टाइल बसवण्याआधी भिंत बघायला घरात कोण असणार?" तिला तो प्रश्न लागला. आपल्यावरच कुणी अविश्वास दाखवतंय असं वाटलं. तुसडा आहे मेला, असं तिने आईला सांगितलं, आणि घरात त्याचं नाव तुसडा पडलं. तिसरा हा. याने आल्या आल्या बाथरूमकडे बघितलंसुद्धा नाही. वडिलांच्या खुर्चीशी जमिनीवर मांडी घालून बसला आणि विचारलं, साहेब, तुमच्या वेळी कमानी कशा बांधत हो? आमच्या पिढीला काही ठाऊक नाही. वडील अडखळत, शब्द शोधत सांगू लागले. तो हातावर हनुवटी टेकवून ऐकत राहिला, मध्येच म्हणाला, तुमच्या हाताखाली दोन वर्षं काढली असती तर मी माणूस झालो असतो. आणि वडील हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. ओठांची एकच बाजू वर गेली, दुसरी तशीच राहिली, पण ते हसणंच होतं. त्याच संध्याकाळी तिने काम त्याला दिलं. त्याच्या अंदाजपत्रकात शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या, त्या तिने तांबड्या पेनाने दुरुस्त करून कागद परत दिला, आणि हा कागद आता आपण नीट तपासला आहे असं समाधान तिला वाटलं. वडील मागाहून म्हणाले होते, "गोडबोल्या आहे." एवढंच. ती म्हणाली होती, हो ना, किती छान बोलतो. त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं.

आता बादली बाजूला सारून ती भिंतीशी उकिडवी बसली. किल्ली बैठकीतल्या फळीवर त्यांच्या चष्म्याशेजारी होती, ती घेऊन आली. किल्ली हातात गार होती आणि वाटली होती त्याहून जड. एकेक टाइल वाजवत ती दारापासून निघाली. पोकळ. पोकळ. भरीव. पोकळ. छापलेल्या ओळीवरून बोट फिरवावं तसं. चुका सापडत जातात तसा कामात असताना एक कोरडा आनंद होतो, आताही तो क्षणभर झाला आणि तिला स्वतःची किळस आली. दांडा होता त्या भिंतीशी आल्यावर तिला पेन्सिलीची खूण दिसली. टाइलवर नव्हे, दोन टाइलच्या मधल्या सांध्यावर, करड्या रेषेवर करडी, एक लहानशी फुली. उभ्या माणसाला दिसली नसती. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होती. शेजारी आणखी एक. खाली आणखी. ती वाजवत गेली आणि जिथे जिथे आवाज घुमला तिथे तिथे सांध्यावर फुली होती, एकही चुकलेली नव्हती. दांड्याच्या दोन भोकांभोवती तर फुल्यांचं कडंच होतं. फुलीचा अर्थ तिला पहिलीपासून ठाऊक होता. वडील सुट्टीच्या दिवशी तिला कधी कधी कामावर नेत, आणि ती विचारी, बाबा, तुम्ही चांगल्या भिंतीवर का रेघोट्या मारता? ते म्हणत, ही रेघोटी नाही, हा माझा निकाल. फुली म्हणजे उकरून पुन्हा.

नवं बाथरूम झाल्यावर ते अंघोळीला जवळजवळ तासभर आत असत. झटक्यापासून सगळंच हळू झालं होतं, तेव्हा अंघोळही. आतून टक्, टक् असा आवाज यायचा. ती दाराशी जाऊन विचारी, बाबा, काही हवंय का? आवाज थांबे. "काही नाही. चांगलं आहे." मग पाण्याचा तांब्या. काम संपलं त्या दिवशी ती त्यांना धरून आत घेऊन गेली होती, पांढऱ्या टाइल, नवा नळ, चकचकीत दांडा, आणि लहान मुलीने चित्र दाखवावं तशी म्हणाली होती, वाजवा ना. त्यांनी खिशात हात घातला. मग तो हात रिकामाच बाहेर काढून तळव्याने टाइलवर टेकवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. "चांगलं झालंय," असं म्हणाले. कामाच्या दिवसांत धुळीने साहेबांना त्रास होईल म्हणून कंत्राटदार काळजी करत होता, आणि तिनेच त्यांची खुर्ची मधल्या दारातून उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती, दाराच्या फटीला ओलं कापड लावलं होतं. आतून ते किल्लीने पलंगाचा लोखंडी गज वाजवत बसत. आई म्हणे, कंटाळलेत. जन्मभर ज्या माणसाने एकच वाक्य सांगितलं, जे बघायचं ते झाकण्याआधी बघायचं, त्याला तिने स्वतःच्या हाताने झाकून ठेवलं होतं.

आणि दांडा. ते दांड्याला हात लावत नसत. दाराची चौकट धरत, नळ धरत, एकदा तर आईचा खांदा. तिला राग येई. इतक्या हौसेने, त्यांच्या उंचीचं माप घेऊन बसवलेला दांडा, आणि यांना जुन्या चौकटीचाच सोस. म्हाताऱ्या माणसांचा हट्ट, असं ती मैत्रिणींना सांगे. त्या सकाळी तिला कामावर जायला उशीर झाला होता. एक पाय चपलेत होता. ते चौकट धरून उभे होते, आत जावं की नाही अशा विचारात, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तो दांडा शोभेला नाही लावलेला. एवढं केलंय मी तुमच्यासाठी. धरा." त्यांनी वळून बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. तिला ते आता आठवत होतं आणि त्याला शब्द सापडत नव्हता. "धरतो," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर धरतो." दार लागलं. ती दुसऱ्या चपलेत पाय घालत होती.

ते घसरले आणि पडताना दांड्याला लटकले, म्हणून दांडा उखडला. दवाखान्यात तिने हेच सांगितलं, शेजाऱ्यांना हेच, कंत्राटदारालाही हेच, आणि त्यानेही मान हलवली होती, हो ताई, सगळं वजन एकदम आलं की काय टिकणार. पण मुद्रितं तपासणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. डोळा जे असायला हवं तेच वाचतो, कागदावर आहे ते नाही. म्हणून अवघड जागी ओळ उलटी वाचायची, शेवटच्या शब्दापासून. ती ओल्या फरशीवर बसली आणि तिने ती सकाळ उलटी वाचली. आईची हाक. त्याआधी तो मोठा आवाज, ज्याने घर हललं. आणि त्याच्याही आधी, एका श्वासाइतकं आधी, बाटलीचं बूच निघावं तसा एक लहान आवाज. दीड महिना हे दोन आवाज तिच्या कानात उलट्या क्रमाने लागून होते.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार वेळेवर आला. आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिला म्हणाला, साहेब गेले आणि माझ्या डोक्यावरचं छप्परच गेलं. तिने त्याला पाणी दिलं, पिऊ दिलं, मग बाथरूममध्ये नेऊन त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि वाजवा म्हणाली. त्याने एक टाइल वाजवली आणि तो हसला. थोडं थोडं सगळीकडेच असतं, ताई, राजवाड्यातही निघेल. तिने बोट टेकवून सांध्यावरची फुली दाखवली. मग दुसरी. मग भोकांभोवतालचं कडं. तो खाली बसला. बराच वेळ बोलला नाही, आणि त्याला न बोलताना तिने पहिल्यांदाच बघितलं. गप्प असताना त्याचा चेहरा वेगळाच होता, थकलेला, बेताचा, कुठल्याही कारागिराचा असतो तसा.

"साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं तर," तो म्हणाला.

"काय सांगितलं होतं?"

आपण नको ते बोललो हे त्याच्या लक्षात आलं, पण आता मागे जाता येईना. वडिलांनी त्याला फोन केला होता. एकदा नव्हे, दोनदा. शब्द नीट फुटत नव्हते, त्याला आधी कळेचना कोण बोलतंय. पोरगी कामावर असते तेव्हा ये, दांड्याची भिंत तरी काढून नीट बसव, तिला कळू देऊ नकोस, असं म्हणाले. तिने फार हौसेने केलंय, तिला परत तोंडघशी पाडू नकोस. तिने परत या शब्दाशी अडखळून विचारलं, "परत म्हणाले?" तो म्हणाला, हो, परत म्हणाले, मला काही त्याचा अर्थ लागला नाही. मी येणारच होतो, ताई. दुसरीकडे काम अडकलं होतं. आणि मग, स्वतःचा बचाव करताना माणूस जसा खरं तेच बोलून बसतो, तसा तो म्हणाला, "साहेब स्वतः म्हणाले होते, तू येईस्तोवर मी त्या दांड्याला हात लावणार नाही. मग त्यांनी धरलाच कशाला? तुम्हीच सांगा. ठाऊक होतं तर धरला कशाला?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या आवाजात गोडवा नव्हता, कावेबाजपणाही नव्हता. बहुधा दीड महिना त्यालाही हाच प्रश्न पडलेला असावा, आणि उत्तर मिळालं असतं तर तो जरा बरा झोपला असता. उत्तर तिच्याजवळ होतं. ते सांगितलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं, आणि तेवढ्यासाठीच ते सांगायचं नाही असं तिने ठरवलं. पण तो राग होता की भीती, हे तिला नंतरही कळलं नाही. मागे बोळात आई उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्या सकाळी आई स्वयंपाकघरात होती, आणि स्वयंपाकघर या दारापासून हाताच्या अंतरावर. आई कंत्राटदाराला म्हणाली, "तुम्ही जा आता. परत येऊ नका." तो किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेला. दार लागल्यावर आई भिंतीला टेकली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "ते घसरलेच होते. मी ऐकलं ना. आधी घसरले." आईचा आवाज भरीव होता, आखूड, कोरडा. तिला आईच्या कुशीत शिरावंसं वाटलं आणि तिथून पळूनही जावंसं वाटलं. ती म्हणाली, हो. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. असाच मोठा नळ आई त्या सकाळी भांडी घासताना सोडून होती, त्यात काय ऐकू आलं असणार.

तुसड्याला शोधायला चार दिवस गेले. तो आला, त्याने जुनं काही उगाळलं नाही, फक्त भिंत बघायला कोण असणार हा तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तिने सांगितलं, मी असेन. छापखान्यातून रजा काढून ती रोज मधल्या दारात वडिलांच्या खुर्चीत बसली. टाइल खाली येत गेल्या. बहुतेक टाइलमागे सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि उरलेली सगळी हवा. उखडलेल्या दांड्याला राहिलेले स्क्रू निघाले ते बोटाच्या पेराएवढे. तुसड्याने ते तळहातावर घेऊन तिला दाखवले, खिशात टाकले आणि घमेलं उचललं. फुल्या असलेले सांधे सगळ्यांत शेवटी फुटले. तिने त्यातला एकही तुकडा ठेवून घेतला नाही. धूळ तिच्या केसांत, दातांत, वाचायला घेतलेल्या मुद्रितांवर बसली. भिंत विटेपर्यंत उघडी झाली की तो बाजूला सरे आणि म्हणे, बघून घ्या. सिमेंटचा माल भरला की म्हणे, बघून घ्या. ती किल्लीने वाजवी. त्याला राग येत नसे. एकदा भिजवलेल्या टाइल उपसून ठेवताना त्याने विचारलं, तुमचे वडील कशाने गेले? ती म्हणाली, घसरून. त्याने मान हलवली. फरशा गुळगुळीत घेतल्या की असंच, असं म्हणून तो पुढची टाइल लावू लागला. ती जे बोलली ते भिंतीत कुठेतरी भरलं गेलं, आणि त्यावर टाइल बसली, नीट, भरीव.

दांडा बसला, माल वाळला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तो धरून पाय वर घेतले. लोंबकळत राहिली. खांदे निखळतील असं वाटेपर्यंत राहिली. दांडा जागचा हलला नाही. तुसडा हत्यारं पुसत होता, त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा पुसू लागला. तो गेल्यावर तिने दार आतून लावून एकेक टाइल वाजवली, वरपासून खालपर्यंत आणि मग खालपासून वर, उलटी. एकही घुमली नाही. तिला आपल्या कानाची खात्री वाटेना, म्हणून तिने पुन्हा वाजवली.

आईने पहिली अंघोळ सकाळी करायचं ठरवलं. टॉवेल, साबण, स्टूल सगळं आधी नेऊन ठेवलं. दाराशी आल्यावर आई जराशी थांबली, मग चौकट धरून आत गेली, आणि दार लोटलं. ती बाहेर उभी राहिली. त्या दिवशी तिने चपला घातल्या नव्हत्या. आत बादलीत पाणी पडू लागलं. स्टुलाचे पाय फरशीवर सरकले. मग पाण्याच्या आवाजातून आईचा आवाज आला, रोजचाच, जरासा गमतीचा.

"कुठे आहेस गं?"

"इथेच आहे. दाराशी."

"दांडा धरू ना?"

तिने दारावर तळहात टेकवला. दांडा तिने स्वतः ओढून बघितला होता. त्याला लोंबकळून बघितलं होतं. त्याच्या मागे वीट होती, विटेपर्यंत माल होता, माल भरताना ती समोर बसून होती. एकच शब्द बोलायचा होता, लहान मूलही बोलेल एवढा. तो जिभेवर होता. त्याची चव धुळीसारखी होती. आत नळ बंद झाला. आई उत्तराची वाट बघत होती, आणि बाहेर ती, तोंड उघडं टाकून, नुसती उभी होती.